तोडलेलं झाड, छाटलेलं झाड

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना मी संक्रांतीला गावी गेलो होतो. आमचं गाव रायगड जिल्ह्यात, सुधागड तालुक्यात. एसटीतून उतरून घराकडे चालत निघालो, तर डाव्या हाताच्या टेकाडावर तीसेक झाडं मुंडण केल्यासारखी उभी. फांद्या नाहीत, पानं नाहीत, नुसते खोडांचे सोट आणि वर दोन-चार काटक्या. मी फोटो काढला आणि स्टेटस टाकलं : ‘आमच्या गावातला झाडांचा खून.’ संध्याकाळपर्यंत रडक्या इमोज्यांचा ढीग जमला. मग माझ्या चुलतभावाने ते स्टेटस आत्याला दाखवलं.

आत्या चुलीपुढे बसली होती. “खून? कोणी केला?” तिने विचारलं.

“तेच तर कळत नाही,” मी म्हणालो.

“मी केला,” आत्या म्हणाली. “मी आणि तुझ्या काकाने. आता भाकर खा, उद्या दाखवते.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मला टेकाडावर घेऊन गेली. ती सगळी झाडं ऐनाची होती. मगरीच्या पाठीसारखी खवल्यांची साल असलेलं हे झाड सह्याद्रीत सगळीकडे दिसतं, पण आमच्या पिढीतल्या बहुतेकांना त्याचं नाव माहीत नसतं. आत्याने एका खोडावर हात ठेवला आणि वर बघायला सांगितलं. प्रत्येक फांदी जिथे छाटली होती तिथे जुन्या छाटणीच्या गाठी होत्या. गाठीवर गाठ. “ही माझ्या आज्याच्या हातची,” ती सर्वांत खालच्या, सर्वांत जाड गाठीकडे बोट दाखवून म्हणाली. “तेव्हापासून खून करतोय आम्ही याचा. मेलंय का?”

मे महिन्यात परत गेलो तेव्हा त्याच झाडांना तांबूस पालवी फुटून ती हिरवी होत आली होती. ते स्टेटस चोवीस तासांनी आपोआप गेलंच होतं. पण तो प्रश्न गेला नाही : शंभरेक वर्षं जिवंत असलेल्या झाडांकडे पाहून मला खून का दिसला? याचं उत्तर शोधताना मी इतिहासात बराच मागे गेलो. तिथे कळलं की असं दिसणारा मी पहिला नव्हतो. दीडशे वर्षांपूर्वी साहेबालाही अगदी हेच दिसलं होतं. फरक इतकाच की त्याच्या हातात स्टेटस नव्हतं, कायदा होता.

राब म्हणजे काय

आधी आत्या काय करत होती ते सांगतो. त्याला राब म्हणतात.

कोकणात पाऊस धो धो पडतो. भाताचं बी थेट शेतात टाकलं तर ते वाहून तरी जातं किंवा तणाखाली दबून तरी. म्हणून आधी एका छोट्या तुकड्यात रोपं तयार करायची आणि मग ती उपटून मोठ्या शेतात लावायची. त्या छोट्या तुकड्यातली जमीन आधी भाजून घेतात. थंडीत झाडांच्या पानांसकट टहाळ्या छाटायच्या. याला कवळ तोडणं म्हणतात. त्या वाळू द्यायच्या. मग जमिनीवर शेणाचा थर, त्यावर टहाळ्या, त्यावर पातेरा आणि गवत, आणि सगळ्यांवर बारीक माती. पावसाआधी, वारा पडलेला बघून, वाऱ्याच्या उलट्या बाजूने आग लावायची. म्हणजे ती भडकत नाही, हळूहळू धुमसत पुढे सरकते. माती भाजली की तणाचं बी मरतं, माती भुसभुशीत होते, राख मिसळते. मृगाच्या पावसाला त्यात भात पेरलं की रोप जोमाने उठतं. त्या रोपांना आमच्याकडे आवण म्हणतात. पुढे लावणी.

या कामासाठी भातशेतीच्या वरच्या अंगाला, टेकाडावर, एक जमीन लागायची. तिला वरकस जमीन म्हणतात. खाली भात, वर वरकस. गवत, गुरांची चराई आणि राबाच्या टहाळ्या तिथून यायच्या. वरकस नसेल तर खालचं खाचर अर्धं लंगडं.

आत्याच्या छाटणीला नियम होते. शेंड्याच्या दोन-चार काटक्या ठेवायच्याच. एका वर्षी सगळी झाडं छाटायची नाहीत, एका अंगाची छाटली की दुसऱ्या अंगाला विसावा. आंबा, फणस, मोह, हिरडा यांना हात लावायचा नाही, कारण त्यांचं देणं वेगळं आहे. कोवळ्या झाडाला मनगटाएवढी जाडी येईपर्यंत कोयता लावायचा नाही. हे नियम कुठे लिहिलेले नव्हते. ती ते सांगायचीही नाही, काम करताना फक्त ओरडायची, “तिथं नको!”

जहाजाचं लाकूड

आता ऐनाचा शेजारी बघू. तो म्हणजे साग. इतिहासात जास्त नाव आहे ते सागाचं, कारण राज्यकर्त्यांना जहाजं बांधायची असायची.

१७१५च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या आज्ञापत्रात आरमाराच्या लाकडाबद्दल एक भाग आहे. तो आजही शिवाजी महाराजांच्या नावाने व्हॉट्सॲपवर फिरतो. ग्रंथ महाराजांच्या नंतरचा आहे, पण त्यांच्या धोरणाची आठवण त्यात आहे असं मानलं जातं. त्यात सांगितलं आहे ते थोडक्यात असं : आरमाराला सागासारखं लाकूड लागतं, ते परवानगीने तोडावं. पण आंबा, फणस या झाडांना हात लावू नये, कारण ती वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती पोटच्या लेकरासारखी वाढवलेली असतात. एखादं झाड फारच जीर्ण होऊन कामातून गेलं असेल, तर मालकाला राजी करून, पैसे देऊन, त्याच्या संतोषाने तोडावं. बळजोरी करू नये.

फॉरवर्ड करणारे याला ‘पर्यावरणप्रेम’ म्हणतात. मला त्यात दुसरं काहीतरी दिसतं. इथे सत्तेला लाकूड हवंच आहे, आणि तरीही ती मान्य करते की झाडामागे एक माणूस आहे, त्याला विचारावं लागेल.

कंपनी सरकारच्या काळात हे विचारणं संपलं. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याचे कारागीर सागाची जहाजं बांधत होते आणि ती जगात नावाजली जात होती. १८१७ साली इथे बांधलेलं ‘ट्रिंकोमाली’ हे ब्रिटिश आरमाराचं जहाज आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाण्यावर उभं आहे. दोनशे वर्षं टिकलेलं ते लाकूड मलबारच्या सागाचं. त्या लाकडासाठी कंपनीने १८०६ साली कॅप्टन वॉटसन नावाच्या अधिकाऱ्याला मलबारच्या जंगलाचा संरक्षक नेमलं आणि साग ही सरकारची मक्तेदारी करून टाकली. लोकांत इतका असंतोष माजला की १८२३ साली मद्रासचा गव्हर्नर थॉमस मन्रो याला ती व्यवस्था गुंडाळावी लागली. ही पहिली फेरी लोकांनी जिंकली.

दुसरी फेरी रेल्वेने सुरू केली. १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली हे आपण शाळेत पाठ केलं. त्या रुळांखाली लाकडाचे स्लीपर होते, ते ठरावीक वर्षांनी कुजायचे, आणि लोहमार्ग तर वाढतच होता. मुंबई इलाख्यात त्याआधीच, १८४७ साली, डॉ. अलेक्झांडर गिब्सन जंगलांचे संरक्षक झाले होते. पुण्याजवळ दापोडीच्या वनस्पती उद्यानाचे ते प्रमुख. उघड्या पडत चाललेल्या डोंगरांची त्यांना खरोखर काळजी होती. १८६४ साली देशभराचं वनखातं निघालं आणि जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ डीट्रिख ब्रँडिस त्याचे पहिले महानिरीक्षक झाले. १८६५ला पहिला कायदा आला, आणि १८७८ला दुसरा, जास्त कडक.

१८७८च्या कायद्यात जंगलाचे तीन प्रकार केले. राखीव वन : परवानगी दिलेली नसेल ते सगळं मना. संरक्षित वन : मनाई केलेली नसेल ते सगळं चालेल. आणि तिसरं ग्रामवन, म्हणजे गावाने सांभाळायचं जंगल. गावांना जंगलात खरा वाटा असावा असं ब्रँडिस यांचं मत होतं. पण कायद्याचा झोक राखीव वनाकडे राहिला आणि ग्रामवन बहुतेक ठिकाणी कागदावरच उरलं. त्या तिसऱ्या रकान्यात खरं तर आत्याचा कोयता बसत होता.

कोयता गुन्हेगार झाला

जंगलशास्त्र शिकून आलेल्या अधिकाऱ्याच्या डोळ्यांनी ठाणे-कुलाब्याची टेकाडं बघा. त्याला सरळ, उंच, मापात बसणारं खोड हवं आहे. समोर दिसतात ती माथा छाटलेली, गाठाळ, बुटकी ऐनं. आणि वर शेतात धूर. त्याच्या दृष्टीने ही सगळी नासाडीच. त्याच झाडाकडे बघून शेतकरी म्हणणार, हे झाड कामाचं आहे, कारण ते मला दर दोन-तीन वर्षांनी पानं देतं. एकाच झाडाचे दोन हिशोब.

राखीव वनाच्या हद्दी आखल्या गेल्या तेव्हा राबासाठी टहाळ्या कुठून आणायच्या हा ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत पोटाचा प्रश्न झाला. तक्रारी इतक्या वाढल्या की मुंबई सरकारला १८८५ साली चौकशीसाठी फॉरेस्ट कमिशन नेमावं लागलं, त्याचा अहवाल १८८७मध्ये आला. त्याच सुमारास, १८८३मध्ये, महात्मा फुले ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहीत होते. त्यात वनखात्यावर त्यांचा रोख आहे : पूर्वी डोंगरावर चार शेरडं चारून, पानं-फळं विकून गरीब कुणबी तग धरायचा. खात्याने ते सगळं कुंपणाआड नेलं. शेतीच्या दुर्दशेवरच्या पुस्तकात जंगल येतं, कारण फुल्यांना माहीत होतं की शेत आणि डोंगर हे एकच घर आहे.

गंमत अशी की सरकारच्याच शास्त्रज्ञांनी राबाची बाजू बरीचशी उचलून धरली. १८८९मध्ये इंग्लंडहून आलेले कृषिरसायनतज्ज्ञ डॉ. व्होएल्कर देशभर फिरले. १८९३च्या अहवालात त्यांनी लिहिलं की इथला शेतकरी अडाणी आहे ही समजूत चुकीची आहे, आणि गावाजवळ सरपण आणि चाऱ्यासाठी वेगळी राखणं करावीत अशी सूचना केली. पुढे पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी जोशी आणि कानिटकर या सहकाऱ्यांबरोबर राबाचा प्रयोगशाळेत अभ्यास केला, तो १९१२मध्ये प्रसिद्ध झाला. नुसती राख टाकून राबाचं काम भागत नाही, माती तापण्याला महत्त्व आहे, हे त्यातून दिसलं. म्हणजे आत्या हळूहळू धुमसणाऱ्या आगीचा आग्रह का धरायची, त्याला आता कागदी आधारही मिळाला होता.

पण हद्दी तशाच राहिल्या. १९३० साली मिठाचा सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा जिथे समुद्र नव्हता तिथे लोकांनी जंगलाचा कायदा मोडायला घेतला. १० जुलैला पुसदजवळ बापूजी अणे यांनी राखीव जंगलातलं गवत कापलं. आमच्या जिल्ह्यात, उरणजवळच्या चिरनेरला, २५ सप्टेंबरला अक्कादेवीच्या डोंगरावर लोक जंगल सत्याग्रहासाठी जमले. पोलिसांनी गोळीबार केला. मरणाऱ्यांत शेतकरी होते, कोळी होते आणि नाग्या महादू कातकरी होता.

या शेवटच्या नावाशी मी बराच वेळ थांबलो. कातकरी हे नावच काथावरून आलं असं सांगतात. खैराच्या लाकडातून काथ काढणं हा त्यांचा धंदा. खैर राखीव वनात गेला आणि ज्या समाजाचं नावच एका झाडाशी जोडलेलं होतं, त्याला ते झाड तोडणं चोरी ठरलं. नाग्याला स्वराज्य म्हणजे काय असं कोणी विचारलं असतं, तर त्याने बहुधा डोंगराकडे बोट दाखवलं असतं.

दुसरी बाजू

इथवर वाचून वाटेल की खातं वाईट आणि गाव चांगलं. तितकं सोपं नाही. पनवेलजवळचं कर्नाळा किंवा मुंबईच्या पोटातलं राष्ट्रीय उद्यान आज उभं आहे, कारण त्या जमिनी कोणाच्या तरी राखणीत होत्या. नाहीतर त्यांचे कधीच प्लॉट पडले असते. आणि छाटणीचा अतिरेक झाला की झाड खरंच खंगतं. लोकसंख्या वाढली, वरकस तुकड्यांत वाटली गेली, दर वर्षी त्याच झाडावर कोयता पडायला लागला, तेव्हा अशी खंगलेली टेकाडं मीही पाहिली आहेत. गिब्सनसाहेबांची काळजी खोटी नव्हती. चूक झाली ती पुढे : डोंगर वाचवायचा तर तिथल्या माणसाला बाहेर काढावं लागेल, असं धरून चालण्यात.

हे मी पुस्तकात वाचून म्हणत नाही. आमच्याच टेकाडावर काय झालं ते सांगतो.

माझ्या स्टेटसनंतर तीन-चार वर्षांत आमच्याकडे राब बंद झाला. कोणी बंद केला नाही, तो आपोआप सुटला. काकाचे गुडघे गेले. युरियाची गोणी मिळते, गादीवाफ्यावर रोपं होतात. टहाळ्या तोडायला माणूस लावायचा तर भाताच्या किमतीत परवडत नाही. ऐनं मोकळी सुटली. माथे भरले, पहिल्यांदाच ती झाडं पुस्तकातल्यासारखी दिसायला लागली. मी खूश होतो. फोटो काढले, आणि या वेळी कोणी रडलं नाही.

मग एका वर्षी लाकडाचा ठेकेदार आला. आमच्या घरात वरकस चार भावांच्या नावावर आहे, त्यातले दोघे मुंबईत. घरात बोलणं झालं. “त्या झाडांचा आता उपयोग काय?” असं एकजण म्हणाला, आणि कोणाकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं. मी ऑक्सिजन वगैरे म्हणालो असेन. आत्या काही बोलली नाही, तिचं सातबाऱ्यावर नाव नव्हतं. चार दिवस कटरचा आवाज चालू होता. चारही भावांना मिळून जे पैसे आले, त्यात एका भावाच्या मुलीच्या ॲडमिशनची फी भागली, बस. ज्या झाडांना तीन पिढ्यांचा कोयता मारू शकला नाही, ती कोयता थांबल्यावर सहा वर्षांत गेली.

त्यानंतर मला कळलं की आत्याने त्या दिवशी मला काय दाखवलं होतं. ती झाडं तिथे इतकी वर्षं होती, कारण कोणाला तरी दर थंडीत त्यांची गरज पडत होती. त्यांच्याशी कामाचा संबंध होता. तो तुटला, मग ती फक्त लाकूड उरली, आणि लाकडाला भाव असतो.

तिसरा रकाना

हा संबंध परत जोडता येतो का? गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाने ते करून दाखवलं आहे. वनहक्क कायदा २००६मध्ये झाला, आणि २००९मध्ये या गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. देशात असा हक्क मिळवणाऱ्या पहिल्या गावांपैकी ते एक. त्याआधी वर्षानुवर्षं तिथले लोक ग्रामसभेत एकमताने निर्णय घ्यायला शिकत होते आणि अभ्यासगट चालवत होते. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल ही नावं या कामाशी जोडलेली आहेत.

तरी बांबू विकायला वाहतूक परवाना वनखात्याकडूनच घ्यावा लागत होता. बांबू खरं तर गवत, पण कायद्याने त्याला झाडांत बसवलं होतं. अखेर २७ एप्रिल २०११ला केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. म्हणजे कुठला बांबू तोडायचा, किती ठेवायचा, कोणाला विकायचा, हे गाव ठरवणार. १८७८च्या कायद्यातला तो रिकामा राहिलेला तिसरा रकाना भरायला १३३ वर्षं लागली.

आमचं गाव मेंढा नाही. आमच्या वरकसवर अकरा ऐनं उरली आहेत, तीही वाट अवघड म्हणून ठेकेदाराने सोडलेली. मागच्या थंडीत मी कोयता घेऊन आत्याला म्हणालो, “शिकव.” आता ती पंचाहत्तरीला आली आहे, टेकाडावर चढता येत नाही. खाली बांधावर खुर्ची टाकून बसली आणि तिथून ओरडत राहिली. मी तीनच झाडं छाटली. हात सोलले, एका फांदीला चुकीच्या जागी घाव बसला. मे महिन्यात परसातल्या गुंठाभर जागेत आम्ही राब भाजला. एवढ्याशा भातासाठी एवढा खटाटोप हिशोबात बसत नाही, हे मला माहीत आहे. पण आता त्या घरात कोणी विचारलं की या झाडांचा उपयोग काय, तर माझ्याकडे सांगायला काहीतरी आहे.

टहाळ्या वाहून खाली आणल्यावर आत्याने त्या उलट्यासुलट्या करून पाहिल्या. “शेंडा ठेवलास का?” तिने विचारलं.

मी म्हटलं, “ठेवला.”

“मग फुटेल,” ती म्हणाली, आणि खुर्ची उचलायला सांगून घरात गेली.